बूड टेकण्यापुरती जागा

होडी बांधणारा माणूस लाटेचा विचार करतो, वाऱ्याचा करतो, मासळीच्या वजनाचा करतो. जाळं कुठून ओढायचं आणि डिझेलचा कॅन कुठे ठेवायचा, याचाही करतो. हे सगळं मनासारखं लागलं की मग उरलेल्या जागेत तो आपल्याला बसवतो. यात त्याचा काही दुष्ट हेतू नसतो. होडी तरंगली पाहिजे, एवढीच त्याची जबाबदारी. ती तरंगत असताना आतल्या माणसाच्या पाठीचा कणा कोणत्या आकाराला गेला आहे, हे बघायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

लहान लाकडी होडीत या कुशीपासून त्या कुशीपर्यंत जी आडवी फळी असते, तिच्यावर बसताना आपली समजूत अशी, की ही आपल्यासाठी ठोकलेली आहे. मुळात ती होडीसाठी असते. बाहेरून पाणी दोन्ही कुशी दाबत असतं, लाटेवर सगळा सांगाडा पिळला जात असतो, आणि त्या कुशींना एकमेकींपासून ठरलेल्या अंतरावर धरून ठेवायचं काम ही फळी करते. आपण तिच्यावर बसतो हे तिला चालतं, इतकंच. त्यामुळे ‘ही जरा मागे घेता येईल का हो?’ असं होडीवाल्याला विचारणं म्हणजे घरमालकाला तुळई सरकवायला सांगण्यासारखं आहे.

बरं, उंच करावी म्हटलं तर तेही जमत नाही. माणूस जितका वर बसेल तितकं वजन वर जातं आणि होडी तितकी डुलायला लागते. चार बोटांनी बैठक उचलली की गुडघ्यांना बरं वाटतं, पण काळजाचा ठोका चुकतो. मागे पाठ लावावी तर वल्हवणाऱ्याला पुढे-मागे झुकायला मोकळी जागा हवी, खलाशाला फळ्यांवरून उड्या मारत नाळेपर्यंत जायला वाट हवी. पाठीचा टेकू त्या दोघांच्याही पायात येणार. थोडक्यात, होडीत बसायची गैरसोय ही चुकून राहून गेलेली गोष्ट नव्हे. ती विचारपूर्वक बांधलेली असते.

कोकणातल्या जुन्या माणसांनी हे फार लवकर ओळखलं होतं. मुंबईहून आगबोटीनं गावी जाणारा चाकरमानी कंपनीनं आपल्याला खुर्ची द्यावी अशी अपेक्षाच करत नसे. तो स्वतःची वळकटी घेऊन चढे. डेकवर सतरंजी पडली की तेवढा चौकोन त्याच्या मालकीचा. ट्रंक पाठीला, वळकटी कमरेला, पाय शेजाऱ्याच्या आंब्याच्या किंवा कापडाच्या गाठोड्यावर. बोट कलली की गाठोडं इकडून तिकडे. मन मानेल तसा बदलता येईल असा टेकू ही आजच्या जाहिरातीतली भाषा झाली. आमच्या आज्यांनी तो सुतळीनं बांधून काखेत मारून नेला होता. पुढे बंदरात धक्का नसला की आगबोटीतून पडावात उतरायचं, आणि तिथे वळकटीवर आपण बसायच्या ऐवजी वळकटी आपल्या डोक्यावर बसे, ती गोष्ट वेगळी.

आज गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये बाकं असतात, आणि वरच्या मजल्यावर जायला वेगळे पैसे पडतात. वर वारा मिळतो आणि समुद्र दिसतो, बैठकीत मात्र काही सुधारणा होत नाही. राजापुरीहून जंजिऱ्याकडे निघणाऱ्या शिडाच्या होड्यांत तर बाकाचीही भानगड नाही. काठावर, तळाच्या फळ्यांवर, जिथे मिळेल तिथे बसायचं आणि शीड फिरलं की मान खाली घालायची. या सगळ्या प्रवासात मी एक पाहिलं आहे. अंगावर घालायला दिलेलं लाइफ जॅकेट अनेकांच्या अंगाखाली गेलेलं असतं. होडीतली सगळ्यात मऊ वस्तू तीच, आणि मराठी माणूस मऊ वस्तूचा उपयोग डोक्यानं करत नाही. पण जॅकेटच्या आतला फोम हवेच्या बारीक बारीक कप्प्यांवर तरंगतो. रोज सत्तर-ऐंशी किलोच्या गृहस्थांनी तो दाबला की कप्पे चेपतात, आणि ज्या दिवशी जॅकेटनं आपल्याला उचलायचं त्या दिवशी ते आपल्याइतकंच थकलेलं निघतं. अमेरिकेत यावर तोडगा म्हणून बसायची उशीच तरंगणारी करतात. तिला दोन बाजूंना धरायला पट्टे असतात, तिकडच्या तटरक्षक दलाची तिला मान्यता असते, आणि कुणी पाण्यात पडलं की बुडाखालची उशी ओढून त्याच्याकडे फेकायची. कल्पना चांगली आहे. आपल्याकडे उशी फेकायच्या आधी ‘माझी का? त्याची फेका’ यावर थोडी चर्चा होईल, एवढीच अडचण.

पुढे-मागे न सरकणारी बैठक किती अन्याय करू शकते, हे पाहायचं असेल तर महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर जावं. तलाव साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधवून घेतला. पायडलच्या होड्या अर्थात पुष्कळ नंतरच्या. या होडीतली बैठक आणि पायडल यांतलं अंतर एका सरासरी माणसासाठी धरलेलं आहे, आणि तो सरासरी माणूस महाबळेश्वरला अजून आलेला नाही. नवविवाहित जोडप्यातला नवरा उंच, त्यामुळे त्याचे गुडघे हनुवटीला लागतात. बायको ठेंगणी, तिचे पाय पायडलपर्यंत पोचत नाहीत, म्हणून ती घसरत घसरत निम्मी खाली आलेली. एका बाजूचं पायडल जोरात, दुसऱ्या बाजूचं नुसतंच फिरतं. होडी मात्र कुणाची बाजू न घेता जागच्या जागी डुलत राहते. काठावर उभे असलेले लोक त्यावरून त्यांच्या संसाराविषयी अंदाज बांधतात. खरं तर बैठकीखाली दोन खाचा जास्त पाडल्या असत्या तर ती दोघं सरळ पलीकडच्या काठाला लागली असती.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे दल सरोवरातला शिकारा. तिथे गिऱ्हाईक गाद्या-लोडांवर असं रेलतं, की त्याला आपल्या वंशात कुणीतरी नवाब होऊन गेल्याची खात्री पटते. मराठी पर्यटकांचे तिथले फोटो पाहावेत. कुणाचाही कणा ताठ नाही. पण या नवाबीत एक गंमत आहे. शिकाऱ्याच्या शेपटाशी बदामाच्या आकाराचं वल्हं घेऊन जो बसलेला असतो, त्याच्या वाट्याला नुसती फळी. काम करायचं असेल तर माणूस लोडावर बसत नाही, हे त्याला ठाऊक असतं. लोड हा काहीच न करणाऱ्यांसाठी असतो.

हे सगळं मला इतकं कळायला लागलं त्याला कारण आमचे साडू. निवृत्त इंजिनियर. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकताना त्यांनी तिथल्या बोट क्लबवर वल्ही मारलेली, त्यामुळे पाण्यावर आपला हक्क आहे असं त्यांना कायम वाटत आलं. निवृत्तीनंतर तारकर्लीजवळ कर्लीच्या खाडीकाठी घर बांधलं आणि नारिंगी प्लास्टिकची एक कयाक आणली. वर बसायची, पाय लांब सोडायचे आणि दुपाती वल्ह्यानं पाणी कापत जायचं. बैठक म्हणून कारखान्यानं तिच्यात एक उथळ खळगा पाडून दिलेला. पहिल्याच फेरीनंतर साडू घरी आले ते काटकोनात. मेव्हणी म्हणाली, “खाडीत काही हरवलंय का? शोधत शोधत आलात असं वाटतंय.”

तिथून पुढे त्या घरात जे सुरू झालं त्याला संशोधन म्हणायचं की गृहकलह, हे ज्यानं त्यानं ठरवावं. जुन्या गादीतला स्पंज कापून खळग्यात बसवला गेला. स्पंज पाणी पितो हे सर्वांना माहीत असतं, पण खारं पाणी प्यालेला स्पंज कधीच पुरता वाळत नाही, हे अनुभवावं लागतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि ते मीठ रात्रभर हवेतला दमटपणा ओढून घेतं. सकाळी कोरडा दिसणारा स्पंज बसल्याबरोबर आपलं खरं रूप दाखवतो. मग अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय करवतीनं कापून ती कयाकवर बांधण्यात आली. आराम पुष्कळ होता. मात्र वजन वर गेलं होतं, आणि गुडघाभर पाण्यात साडू खुर्चीसकट शांतपणे आडवे झाले. काठावरच्या पोरांना तो प्रयोग फार आवडला. त्यांनी तो पुन्हा करायची विनंती केली.

गुण आला तो मेव्हणीच्या योगासनांच्या चटईनं. तिला विचारलं होतं की नाही, या तपशिलात मी शिरत नाही. त्या चटईचा फोम बंद कप्प्यांचा, म्हणजे पाणी न पिणारा. साडूंनी त्याचे थर एकमेकांवर चिकटवून पाचर केली. मागे जाड, पुढे पातळ. सपाट जागेवर पाय लांब करून बसलं की मांड्यांच्या मागच्या शिरा ताणल्या जातात, त्या कमरेचं हाड मागे ओढतात, कंबर मागे कलली की पाठीची नैसर्गिक खोलगट कमान मोडते आणि माणूस धनुष्यासारखा वाकून ‘वृद्ध’ होतो. मागून दोन बोटं उचलून दिलं की कंबर पुढे कलते आणि पाठ आपसूक सरळ होते. कुणी ‘ताठ बस’ म्हणावं लागत नाही. शाळेत इतके धपाटे खाल्ले, त्याऐवजी मास्तरांनी खाली एक पाचर सरकवली असती तर चाललं असतं.

पाठीच्या टेकूसाठी नातवाच्या दप्तराचे पट्टे आणि बकलं कामाला आली. टेकूला दोन पट्टे पुढे ओढणारे, दोन मागे. पुढचे आवळले की टेकू कमरेशी येतो, पुढचे सोडून मागचे ओढले की रेलता येतं. लोखंडी बकल खाऱ्या हवेत गंजून मेलं, प्लास्टिकचं टिकलं. टेकू आधी खांद्यापर्यंत उंच केला होता, तो कापत कापत कमरेच्या वर चार बोटांवर आणला, कारण उंच पाठीला वल्हं मारणारे कोपर आणि जॅकेट दोन्ही अडत होते. एवढं होऊनही अर्ध्या तासात पायांना मुंग्या येतच होत्या. साडू नकाशे काढत बसले. पाठीचे कोन मोजायला कंपासपेटी निघाली.

तेव्हा शेजारचा तांडेल कुंपणाशी येऊन उभा राहिला. बिडी संपेपर्यंत त्यानं सगळं पाहून घेतलं आणि म्हणाला, “पाय खंय टेकतत तां आदी बघा. पाठीचा मगे बघूया.”

इतक्या पट्ट्यांमध्ये आणि पाचरांमध्ये पाय कुणाच्या लक्षातच आले नव्हते. लांब सोडलेले पाय कुठेच टेकत नव्हते, त्यामुळे प्रत्येक वल्ह्यासरशी साडू पुढे घसरत होते आणि पाठीचा टेकू कितीही आवळला तरी मागे एकटाच राहत होता. पुढे एक लाकडी पट्टी लावली, तिला सरकवायला खाचा पाडल्या, गुडघे किंचित वाकतील अशा बेतानं पट्टी अडकवली, गुडघ्यांखाली पोहण्याच्या तलावातली फोमची लांब नळी कापून सरकवली, आणि मुंग्या गेल्या. माझं तर तेव्हापासून असं मत झालं आहे की बैठक ही मुख्यतः पायांची वस्तू आहे. मऊपणाचं कौतुक दुकानदारांनी वाढवून ठेवलं आहे. पायाला रेटा द्यायला काहीतरी घट्ट हवं आणि थोड्या वेळानं बसायची तऱ्हा बदलायची मुभा हवी. एवढं असेल तर माणूस फळीवरही सुखानं बसतो. हवेची उशी वापरणाऱ्यांनीसुद्धा ती टम्म फुगवू नये. निम्मी हवा ठेवली तर ती अंगाचा आकार घेते. पूर्ण फुगवली तर ती आपल्यालाच आकार द्यायला बघते.

पायांचं हे महत्त्व नौकानयनाच्या शर्यतीवाल्यांना फार पूर्वी कळलं होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले वल्हेकरी स्थिर फळीवर बसून वल्हवत. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की फळीवर बूड थोडं पुढे-मागे घसरू दिलं तर पायांचा जोर वल्ह्याला मिळतो. मग सभ्य घरातली मुलं विजारीला चामड्याचं अस्तर लावू लागली आणि त्याला चरबी फासून बोटीत बसू लागली. धोब्याचं काय झालं याची इतिहासात नोंद नाही. १८७० मध्ये न्यूयॉर्कच्या नासाऊ बोट क्लबच्या बॅबकॉकनं विजारीऐवजी बैठकच सरकती केली, आणि १८७३ च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीत दोन्ही संघ सरकत्या बैठकीवर होते. आजही शर्यतीच्या बोटीतली बैठक म्हणजे रुळांवर धावणारी, छोट्या चाकांवरची एक छोटीशी कडक फळी. तिच्यात गादी नाही. उलट बसण्याची दोन हाडं जिथे टेकतात तिथे दोन भोकं पाडलेली असतात. जिथे टोचतं तिथे काही घालण्याऐवजी तिथलं काढून टाकायचं, हा विचार मला फार थोर वाटतो. साडूंना अर्थातच तो आधीपासून माहीत होता. चटई आधी कापली हे फक्त सांगू नका, असं ते म्हणतात.

नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावातून आलेला, सैन्यात गेल्यावर नौकानयन शिकलेला दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला, तो याच दोन भोकांच्या फळीवर बसून. २०१८ च्या एशियाडला चौघांच्या बोटीत त्यानं सुवर्णपदकही मिळवलं. दोन हजार मीटर उलट्या दिशेला तोंड करून, पाठीला काहीही टेकू नसताना. त्याचे पाय मात्र बोटीत पक्के बांधलेल्या बुटांत असतात, हे तांडेलाला सांगायला हवं.

माणसाची हौस तिथेही थांबली नाही. पश्चिम जर्मनीच्या कोल्बेनं १९८१ मध्ये जागतिक अजिंक्यपद जिंकलं ते बैठक स्थिर ठेवून आणि वल्ह्यांचा सांगाडाच सरकता करून. माणसाचं जड धूड पुढे-मागे हलवण्यापेक्षा हलका सांगाडा हलवला तर बोट कमी हिंदकळते, हे सरळ गणित. पुढच्या दोन वर्षांत सगळे तसंच करायला लागले आणि मग या प्रकारावर बंदी आली. माणूस फार आरामात जिंकायला लागला की नियम करणाऱ्यांना अस्वस्थ वाटतं.

सगळ्यात शहाणे निघाले ते ग्रीनलंडचे इन्युइट. त्यांच्या कयाकमध्ये बैठकच नाही. तळाशी कातडं अंथरायचं आणि पाय सरळ करून बसायचं. पण होडीच त्या माणसाच्या मापानं बांधलेली. लांबी त्याच्या पसरलेल्या हातांच्या साधारण तीन पट, रुंदी त्याच्या कमरेइतकी आणि वर दोन मुठी. शिंप्यानं माप घ्यावं तशी होडी शिवून घ्यायची म्हटल्यावर आत आणखी काय सरकवायचं? हिशेब इतका चोख की सासऱ्याची होडी जावयाला व्हायची नाही.

वेगाच्या बोटीचं दुखणं निराळं. तिथे फक्त बसायचं नसतं, पाण्यावर आपटायचंही असतं. ब्रिटनच्या आरएनएलआय या बचावसंस्थेच्या शॅनन बोटींत खलाशांच्या खुर्च्यांखाली धक्के गिळणारी यंत्रणा बसवलेली असते. आपल्याकडच्या स्पीडबोटीत ही यंत्रणा माणसाच्या गुडघ्यांत असते. खलाशी पाहा, लाट दिसली की तो किंचित गुडघे वाकवून उभा राहतो. प्रवासी फोटोसाठी नाळेकडच्या जागेवर भांडतात, जिथे बोट सगळ्यात जास्त उडते. मधली-मागची शांत जागा रिकामी असते. तिथे बहुधा एखादी कोळीण टोपली मांडीशी धरून डुलकी घेत असते.

साडूंची बैठक आता इतकी जमली आहे की ती कयाकवरून निघून ओसरीत आली. पट्टे, पाचर, पायाची पट्टी, सगळ्यासकट. संध्याकाळी तिच्यात मेव्हणी बसते आणि साडू दिवाणखान्यातल्या सोफ्यावर. या सोफ्याची एक स्प्रिंग कित्येक वर्षं टोचते आहे, पण त्याला हात लावायचं इंजिनियरसाहेबांच्या मनात कधी आलं नाही. मध्यंतरी त्यांनी तांडेलाला गाठून एक प्रस्ताव ठेवला. किल्ला दाखवायला त्याची होडी पर्यटक नेते. तिच्यात अशा बैठका बसवून देऊ, खर्च माझा, नाव तुझं. तांडेलानं बैठकीत बसून पाहिलं. पाय टेकले. पट्टा ओढला, सोडला, मागे रेलला, डोळे मिटले. बऱ्याच वेळानं उघडले.

“बरी आसा,” तो उठत म्हणाला. “पण येवढे आरामात बसले तर उतरतलो कोण? दुसरी फेरी धक्क्यार उबी ऱ्हवतली.”